रक्तपेशींचे माहेर

तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. तिला केंद्रक नसते. त्यामुळे ती दुभंगून आपल्यासारखी दुसरी पेशी निर्माण करू शकत नाही, आणि झिजली की प्लीहेत, म्हणजे बोलीतल्या पाणथरीत, किंवा यकृतात तिची विल्हेवाट लागते. प्रौढ माणसाच्या अंगात अशा वीस ते पंचवीस लाख कोटी पेशी फिरत असतात. त्यांची संख्या टिकायची तर दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी रक्तात उतराव्या लागतात. पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबिका यांचा हिशेब वेगळाच. अखंड चालणारे एवढे मोठे काम शरीरात नेमके कुठे होते, हे १८६८ सालापर्यंत कोणालाही ठाऊक नव्हते. काम करणारी मूळ पेशी कोणती, हे कळायला पुढे आणखी जवळजवळ शंभर वर्षे गेली. ही वाट ज्यांनी शोधली त्यांतले बरेचसे विद्यापीठांतले प्राध्यापक होते. विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शकाखाली रक्त दाखवता दाखवता त्यांनी स्वतःही ते पुन्हा पुन्हा पाहिले.

रक्त यकृतात तयार होते ही समजूत फार जुनी. ग्रीक वैद्य गॅलेनच्या मते पोटातला अन्नरस यकृतात जाऊन रक्त बनतो आणि शरीर ते खर्चून टाकते. सुश्रुतसंहितेतही अन्नरस यकृत-प्लीहेत पोहोचला की रंजक पित्तामुळे त्याला लाली येते, असे सांगितले आहे. आयुर्वेदाच्या सप्तधातूंत रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र असा क्रम आहे. रक्त दुसरे आणि मज्जा सहावी. या मांडणीत मज्जा रक्ताच्या कितीतरी पुढची पायरी ठरते, म्हणून मज्जेतून रक्त येत असेल अशी शंका तिच्यातून निघणे अवघडच होते. यकृताचे नाव मात्र अगदीच अस्थानी नव्हते. आईच्या पोटातल्या गर्भाचे रक्त काही महिने खरोखरच यकृतात तयार होते, आणि अल्बर्ट फॉन कॉलिकर या शरीरशास्त्रज्ञाने १८४६ मध्ये गर्भाच्या यकृतात केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी पाहिल्या होत्या.

विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केले आणि तेच रक्त फिरून फिरून हृदयाकडे येते हे पटले. लेव्हेनहुकने १६७४ मध्ये तांबड्या पेशींचे वर्णन केले. अठराव्या शतकात विल्यम ह्यूसनने लसिकाग्रंथी आणि थायमस यांचा संबंध रक्तपेशींशी जोडला. जन्मानंतर यकृतातले काम थांबते, मग पुढे आयुष्यभर रक्त कोण पुरवते? कोणी प्लीहा म्हणे, कोणी लसिकाग्रंथी. हाडांच्या पोकळीतली मज्जा ही हाडाचे खाद्य किंवा नुसती भरताड चरबी आहे, असेच बहुतेकांना वाटे. मटणाच्या रश्श्यातली नळी चोखून मगज खाणाऱ्या कोणत्याही माणसाचे मत याहून वेगळे असण्याचे कारण नव्हते.

एर्न्स्ट नॉयमान हा पूर्व प्रशियातल्या क्योनिग्जबर्ग विद्यापीठात विकृतिविज्ञानाचा प्राध्यापक होता. हे शहर आज रशियात असून त्याचे नाव कॅलिनिनग्राड आहे. नॉयमानने माणसांची आणि सशांची हाडे दाबून त्यांतला लालसर मज्जारस बाहेर काढला आणि तो ताजा असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यात त्याला केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी दिसल्या. अशा पेशी गर्भात असतात हे माहीत होते. निरोगी प्रौढाच्या वाहत्या रक्तात मात्र त्या सापडत नाहीत. त्याने सरळ निष्कर्ष काढला की या पेशी तांबड्या पेशींचे बालरूप आहेत, त्या मज्जेत वाढतात, केंद्रक टाकतात आणि रक्तप्रवाहात जातात. १० ऑक्टोबर १८६८ रोजी त्याची छोटी टिपणी एका जर्मन वैद्यकीय पत्रात छापून आली. काही आठवड्यांतच इटलीतल्या ज्यूलियो बित्सोत्सेरोने स्वतंत्रपणे हेच निरीक्षण प्रसिद्ध केले. बित्सोत्सेरो तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा होता.

आज हा निष्कर्ष शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येतो. त्या काळी तो मान्य व्हायला अनेक वर्षे लागली. पॅरिसचा जॉर्ज हायेम बिंबिकांनाच तांबड्या पेशींची बाल्यावस्था समजत होता. १८८२ मध्ये बित्सोत्सेरोने बिंबिकांचे खरे काम रक्ताची गुठळी बनवण्याचे आहे हे दाखवले, तेव्हा तो धागा तुटला. नॉयमान मात्र आपल्या जागेवरून हलला नाही. ल्युकेमियाने दगावलेल्या एका रुग्णाची मज्जा लाल न दिसता मळकट पिवळसर-हिरवट दिसली, हे त्याने १८७० मध्ये नोंदवले आणि या रोगाचे मूळ मज्जेत असू शकते असे सांगितले. ल्युकेमियाला नाव देणाऱ्या रुडॉल्फ फिरखोला तो प्लीहेचा किंवा लसिकाग्रंथींचा विकार वाटला होता. नॉयमानने १८८२ मध्ये आणखी एक नियम मांडला: जन्मतः सगळ्याच हाडांत लाल मज्जा असते, वय वाढते तशी ती हातापायांच्या टोकांकडून मागे सरकते आणि तिची जागा पिवळी, चरबीची मज्जा घेते. प्रौढपणी लाल मज्जा मुख्यतः मणके, छातीचे हाड, बरगड्या, कवटी, कमरेची हाडे आणि मांडी-दंडाच्या हाडांची वरची टोके एवढ्यातच उरते. मज्जेची तपासणी आजही छातीच्या किंवा कमरेच्या हाडातून करतात, त्यामागे हाच नियम आहे.

जागा कळली. पुढचा प्रश्न जास्त कठीण निघाला. मज्जेच्या एका थेंबात दहा-पंधरा रूपांच्या पेशी शेजारी शेजारी असतात. लहान, मोठ्या, गोल केंद्रकाच्या, वाकड्या केंद्रकाच्या, दाणेदार, बिनदाण्यांच्या. त्यांत कोण कोणापासून झाले?

याचे पहिले साधन रंगाच्या कारखान्यांतून आले. पाउल एर्लिखने विद्यार्थिदशेतच कापड रंगवण्याचे नवे ॲनिलीन रंग पेशींवर वापरून पाहिले. काही दाणे आम्ल रंग उचलतात, काही क्षारक, काही दोन्ही. त्यावरून त्याने पांढऱ्या पेशींचे प्रकार पाडले, आणि ते प्रकार आजही त्याच पायावर उभे आहेत. १८९१ मध्ये रोमानोव्हस्कीने मेथिलीन ब्लू आणि इओसिन यांचे मिश्रण वापरले. १९०१ मध्ये विल्यम लीशमनने त्यात सुधारणा केली. लीशमनचा रंग भारतातल्या प्रयोगशाळांत आजही रोज वापरला जातो, आणि जीवशास्त्र किंवा वैद्यकाच्या विद्यार्थ्याची रक्ताशी पहिली ओळख बहुधा त्याच रंगातून होते. बोटाला सुई टोचून थेंब काचपट्टीवर घ्यायचा, दुसऱ्या पट्टीच्या कडेने तो पातळ ओढायचा, वाळला की रंग ओतायचा, दोन मिनिटांनी दुप्पट पाणी घालून थांबायचे आणि मग धुवायचे. भिंगाखाली तांबड्या पेशी गुलाबी चकत्यांसारख्या दिसतात आणि त्यांच्यामध्ये जांभळ्या केंद्रकाच्या पांढऱ्या पेशी विखुरलेल्या असतात. शंभर पांढऱ्या पेशी मोजून त्यांचे प्रकार वहीत लिहिले की पहिला धडा पुरा होतो. शेकडो पट्ट्या पाहिल्याखेरीज नजर बसत नाही, म्हणून या विषयात शिकवणे आणि संशोधन एकमेकांपासून कधी फार लांब गेले नाही.

पण रंगवलेली पेशी मेलेली असते. लग्नातल्या सामूहिक छायाचित्रावरून कुटुंबाची वंशावळ मांडायला बसावे, तशी या अभ्यासकांची स्थिती होती. चेहरेपट्टी जुळते म्हणून कोणी बाप-लेक ठरवी, तर कोणी त्याच दोघांना परके म्हणे. एर्लिख आणि झुरिकचा ओटो नेगेली यांच्या मते लसिकापेशी या बिनदाण्यांच्या पांढऱ्या पेशींचे घराणे वेगळे आणि मज्जेत तयार होणाऱ्या दाणेदार व तांबड्या पेशींचे घराणे वेगळे. दोघांचा मूळपुरुष एक नाही. नॉयमान, आर्टुर पापेनहाइम आणि त्यांच्या बाजूचे अभ्यासक सगळ्या रक्तपेशींचे मूळ एकच मानत. हा वाद तीस-चाळीस वर्षे चालला. त्यातले सर्वांत मोलाचे काम अलेक्झांडर मॅक्सिमॉव्हने केले असे म्हणायला हरकत नाही.

मॅक्सिमॉव्हचा जन्म १८७४ मध्ये सेंट पीटर्सबर्गला झाला. तिथल्या इम्पीरियल मिलिटरी मेडिकल ॲकॅडमीतून तो १८९६ मध्ये पदवीधर झाला, नंतर जर्मनीत फ्रायबर्गला राहून आला आणि १९०३ मध्ये आपल्याच संस्थेत ऊतिविज्ञान व भ्रूणविज्ञानाचा प्राध्यापक झाला. त्याच संस्थेत तेव्हा इवान पाव्हलॉव्ह शरीरक्रियाविज्ञान शिकवत होता. मॅक्सिमॉव्हचा हात कमालीचा तयार होता. ऊतींचे एकसारखे पातळ छेद घ्यायचे, ते ॲझुर आणि इओसिनने रंगवायचे आणि गर्भाच्या वाढीचा एकही टप्पा न गाळता एकामागून एक पाहायचे, ही त्याची पद्धत होती. त्याने सस्तन प्राण्यांच्या गर्भांत पीतककोशापासून यकृतापर्यंत आणि तिथून मज्जेपर्यंत रक्तनिर्मितीची वाटचाल पाहिली.

त्याचा एक प्रयोग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. सशाच्या मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या बांधल्या तर मूत्रपिंडाची ऊती मरते. पण काही काळाने त्या मेलेल्या अवयवात हाड तयार होते आणि त्या हाडात रक्त बनवणारी मज्जा भरते. दोन इटालियन अभ्यासकांनी हे १९०२ मध्ये पाहिले होते. मॅक्सिमॉव्हने १९०७ मध्ये ते बारकाईने पुन्हा केले. मूत्रपिंडात मज्जा आली कुठून? रक्तातून फिरणाऱ्या, वरवर सामान्य लसिकापेशीसारख्या दिसणाऱ्या पेशी तिथे उतरल्या आणि त्यांना अनुकूल जागा मिळताच त्यांनी रक्त बनवायला सुरुवात केली, असा त्याचा अर्थ. पेशीत अनेक शक्यता असतात आणि त्यांतली कोणती फळाला येईल हे भोवतालची जागा ठरवते, हा विचार त्याने या प्रयोगातून पुढे नेला. मज्जेतल्या या जागेचा अभ्यास आज स्वतंत्र शाखेइतका वाढला आहे. त्याचे बीज एका सशाच्या बांधलेल्या मूत्रपिंडात आहे.

१ जून १९०९ रोजी मॅक्सिमॉव्हने बर्लिनच्या रक्तविज्ञान मंडळापुढे व्याख्यान दिले. लसिकापेशी हीच गर्भात आणि जन्मानंतरही सर्व रक्तघटकांची समाईक मूलपेशी आहे, असे त्याने सांगितले. त्यासाठी त्याने जर्मन ‘श्टामत्सेल’ हा शब्द वापरला. हा शब्द एर्न्स्ट हेकेलने वेगळ्या अर्थाने, सगळ्या सजीवांच्या आदिम पूर्वजासाठी, वापरला होता आणि तोही १८६८ मध्येच, नॉयमानच्या टिपणीच्या वर्षी. रक्ताच्या संदर्भात तो रुजवण्यात पापेनहाइम आणि मॅक्सिमॉव्ह यांचा मोठा वाटा आहे. मॅक्सिमॉव्हचे म्हणणे अर्धे बरोबर होते. मूळ पेशी एकच असते, हे पुढे सिद्ध झाले. पण रक्तात फिरणारी प्रौढ लसिकापेशी ही मूलपेशी नव्हे. त्याची चूक झाली तीही समजण्याजोगी आहे, कारण खरी मूलपेशी भिंगाखाली लहान लसिकापेशीहून ओळखू येईल इतकी निराळी दिसतच नाही. नुसत्या नजरेने ती कोणालाच सापडली नसती.

रशियन क्रांतीनंतर पेट्रोग्राडमध्ये (सेंट पीटर्सबर्गचे हे तेव्हाचे नाव) उपासमार आणि थंडीत प्रयोगशाळा चालवणे अशक्य होत गेले. १९२२ च्या हिवाळ्यात मॅक्सिमॉव्ह कुटुंबासह गोठलेल्या फिनलंडच्या आखातावरून निसटला आणि त्याच वर्षी शिकागो विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक झाला. तिथे त्याने ऊतिसंवर्धनावर काम केले, म्हणजे शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवून त्यांचे रूपांतर पाहिले. डिसेंबर १९२८ मध्ये तो वारला, तेव्हा त्याचे इंग्रजी पाठ्यपुस्तक अपुरे होते. विल्यम ब्लूम या त्याच्या सहकाऱ्याने ते पुरे करून १९३० मध्ये प्रसिद्ध केले. दोघांच्या नावांनी ओळखले जाणारे हे ऊतिविज्ञान नव्या संपादकांच्या हाताखाली विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिले. मॅक्सिमॉव्हच्या शोधनिबंधांपेक्षा कितीतरी जास्त विद्यार्थ्यांपर्यंत त्याची दृष्टी या पुस्तकातून पोहोचली.

याच काळात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फ्लॉरेन्स सेबिन जिवंत पेशी पाहत होत्या. १९१७ मध्ये त्या तिथल्या पहिल्या स्त्री पूर्ण प्राध्यापक झाल्या होत्या. कोंबडीच्या अंड्यातला दुसऱ्या दिवसाचा गर्भ काचेखाली लोंबत्या थेंबात जिवंत ठेवून रात्रभर त्याकडे पाहत बसायचे, असे त्यांचे काम. त्यांना रक्तवाहिन्या आकार घेताना दिसल्या, वाहिन्यांच्या अस्तरातून तांबड्या पेशी वेगळ्या होताना दिसल्या आणि हृदयाचा पहिला ठोकाही दिसला. १९२० मध्ये त्यांनी हे सविस्तर लिहिले. पुढे त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी जिवंत पेशीला न मारता रंगवण्याची पद्धत वापरली. तिच्यासाठी न्यूट्रल रेड आणि जेनस ग्रीन हे रंग लागत. उपाशी ठेवलेल्या कबुतरांची मज्जा पेशींनी रिकामी होते, मग खायला घातले की पुन्हा भरते. तसे भरताना पाहून वाहिन्यांच्या अस्तरातूनच रक्त उगवते असे त्यांनी १९२५ मध्ये मांडले. मॅक्सिमॉव्हला ते मान्य नव्हते. दोघेही आपापल्या पुराव्याशी प्रामाणिक होते आणि समोरासमोरच्या त्या पुराव्यांवरून तेव्हा निर्णय लागणे शक्य नव्हते.

जिवंत माणसाची मज्जा पाहायची सोय १९२० च्या दशकाच्या अखेरीस झाली. लेनिनग्राडच्या, म्हणजे पूर्वीच्या पेट्रोग्राडच्या, मिखाईल अरिन्किनने छातीच्या हाडात सुई घालून मज्जा खेचून घेण्याची साधी पद्धत १९२७ मध्ये सांगितली. तोवर मज्जा बहुतेक वेळा शवविच्छेदनातच दिसे. आता आजारी माणसाच्या मज्जेत दर आठवड्याला काय फरक पडतो हे पाहता येऊ लागले, आणि रक्तनिर्मितीला कोणते अन्न लागते याचा तपासही खऱ्या अर्थाने याच सुमाराला सुरू झाला.

या तपासाचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत घडला. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज विदुषी परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आली. गरोदर बायका आणि बाळंतिणी दगावण्याची कारणे शोधण्याचे मार्गारेट बाल्फर यांनी सुरू केलेले काम तेव्हा मुंबईत चालू होते. गिरण्यांच्या मुंबईत गरीब घरांतल्या गरोदर बायकांना होणारा एक जीवघेणा रक्तक्षय विल्सने अभ्यासाला घेतला. या रोगात तांबड्या पेशी कमी होतात, पण प्रत्येक पेशी नेहमीपेक्षा मोठी असते. मज्जेतल्या बाल पेशींचे केंद्रक पक्व होत नाही, त्या वाढत राहतात पण विभागत नाहीत. तिने तळपदे या सहकाऱ्याबरोबर मुंबईतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी करून १९३० मध्ये ती प्रसिद्ध केली. भाजी, फळे, दूध यांची ज्यांच्या ताटात फार कमतरता, त्यांच्यातच हा आजार जास्त दिसत होता.

अमेरिकेत जॉर्ज मायनट आणि विल्यम मर्फी यांनी १९२६ मध्ये यकृत खायला देऊन घातक पंडुरोग हा दुसरा एक रक्तक्षय बरा केला होता. मुंबईच्या या रोगात यकृताचा साधा अर्क गुणकारी ठरे, शुद्ध केलेला मात्र लागू पडत नसे. म्हणजे शुद्धीकरणात काहीतरी निघून जात होते. विल्सने माकडांवर आणि मग रुग्णांवर यीस्टचा स्वस्त अर्क वापरून पाहिला. मार्माइट या नावाने तो बाजारात मिळे. रुग्ण बायका झपाट्याने सुधारल्या. १९३१ मध्ये तिने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे जाहीर केले. यीस्टमधला तो घटक बरीच वर्षे ‘विल्स घटक’ म्हणून ओळखला गेला. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा झाला आणि त्याला पानावरूनच फोलिक आम्ल हे नाव मिळाले. आज सरकारी दवाखान्यात प्रत्येक गरोदर बाईला लोहाबरोबर फोलिक आम्लाची गोळी मिळते. त्या गोळीचा इतिहास परळमधून जातो, आणि महाराष्ट्रात तो जितका सांगितला जायला हवा तितका सांगितला जात नाही.

फोलिक आम्लाशिवाय पेशीला नवे डीएनए बनवता येत नाही, म्हणून भराभर विभागणाऱ्या मज्जेला त्याची टंचाई सर्वांत आधी जाणवते. हेच उलटे वापरता येईल का, असा विचार बोस्टनच्या सिडनी फार्बरने केला. अमेरिकेतल्या लेडरली कंपनीत आंध्रच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने फोलिक आम्ल कृत्रिमरीत्या बनवले होते आणि त्याच्या कामात अडथळा आणणारी संयुगेही. त्यांतले ॲमिनोप्टेरिन फार्बरने ल्युकेमिया झालेल्या मुलांना दिले. जून १९४८ मध्ये त्याने सोळा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. दहा मुलांत रोग काही काळ मागे हटला होता. तोवर ल्युकेमियाच्या मुलांसाठी वैद्यकाकडे काहीच नव्हते.

मूलपेशीचा प्रश्न तरीही जागच्या जागी होता. तो सोडवण्याची प्रेरणा अणुबाँबने दिली. किरणोत्सर्गाच्या मोठ्या मात्रेने जे आठवड्या-दोन आठवड्यांनी मरतात, त्यांची मज्जा जळालेली असते. शिकागोत लिऑन जेकबसनने १९४९ मध्ये दाखवले की उंदराची प्लीहा शिशाने झाकून त्याला किरणांचा मारक डोस दिला तर तो वाचतो. नंतर दुसऱ्या उंदराची मज्जा शिरेतून दिली तरी उंदीर वाचतो हे कळले. मज्जेतला एखादा रस त्याला वाचवतो की पेशी? १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या हारवेलच्या चमूने ओळखू येणाऱ्या गुणसूत्राची मज्जा वापरली आणि वाचलेल्या उंदरांच्या रक्तपेशींत दात्याचीच गुणसूत्रे सापडली. पेशीच वाचवत होत्या. सासरी गेलेल्या लेकीला माहेरची वाट सांगावी लागत नाही, तशा शिरेत सोडलेल्या या पेशी आपोआप मज्जेत पोहोचत होत्या.

टोरंटोच्या ऑन्टारियो कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये जीवभौतिकीचा अभ्यासक जेम्स टिल आणि वैद्य अर्नेस्ट मॅक्युलक हे मज्जेच्या पेशी किरणांना किती सोसतात हे मोजत होते. किरण दिलेल्या उंदरांना मोजून मज्जापेशी दिल्या होत्या. एका रविवारी मॅक्युलक एकटाच प्रयोगशाळेत आला. दहा दिवस झालेल्या उंदरांची शवे उघडताना त्याला प्लीहेवर बारीक गाठी दिसल्या. त्याने त्या मोजल्या. जितक्या जास्त पेशी दिल्या तितक्या गाठी जास्त, आणि तेही सरळ प्रमाणात: साधारण दहा हजार मज्जापेशींमागे एक गाठ. गाठींत तांबड्या पेशी, दाणेदार पांढऱ्या पेशी आणि बिंबिका तयार करणाऱ्या मोठ्या पेशी अशा सगळ्या होत्या. १९६१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. १९६३ मध्ये त्यांचा विद्यार्थी अँड्र्यू बेकर याने किरणांनी गुणसूत्रांवर खुणा करून दाखवले की एका गाठीतल्या सगळ्या पेशींवर तीच खूण असते. म्हणजे गाठ एकाच पेशीची प्रजा. लुई सिमिनोव्हिचच्या साथीने केलेल्या पुढच्या कामातून यांतल्या काही पेशी स्वतःसारख्या नव्या पेशीही तयार करतात हे कळले.

नॉयमानपासून मॅक्सिमॉव्हपर्यंत सर्वांनी पेशीचा चेहरा पाहिला होता. टिल आणि मॅक्युलकने तिची संतती मोजली. ज्या पेशीचे रूप वेगळे ओळखता येत नव्हते ती तिच्या कामावरून ओळखली गेली, आणि एकच मूळ की दोन हा जुना वाद एक मूळ मानणाऱ्यांच्या बाजूने झुकला. प्लीहेवर गाठी उठवणाऱ्या पेशी मूलपेशीच्या एक-दोन पिढ्या पुढच्या असतात आणि खरी मूलपेशी त्यांच्याहूनही दुर्मिळ असते, हे नंतर समजले. हे सगळे गुणधर्म अंगी असलेली उंदराची मूलपेशी पृष्ठभागावरच्या खुणांवरून वेगळी काढायला १९८८ साल उजाडले.

मूलपेशीला हुकूम कोण देते, याचाही शोध समांतर चालू होता. पॅरिसचा प्राध्यापक पॉल कार्नो आणि त्याची सहकारी क्लोटिल्ड देफ्लांद्र यांनी १९०६ मध्येच म्हटले होते की रक्तस्राव झालेल्या सशाच्या रक्तात तांबड्या पेशी वाढवणारा एक पदार्थ असतो. १९५३ मध्ये ॲलन अर्स्लेव्हने तो पटण्याजोगा दाखवला. १९५५ च्या सुमारास शिकागो विद्यापीठात जीवरसायन शिकवणाऱ्या युजीन गोल्डवासरने तो शुद्ध करायला घेतला आणि त्याला वीसहून अधिक वर्षे लागली. १९५७ मध्ये तो पदार्थ मूत्रपिंडात तयार होतो हे निश्चित झाले. शेवटी जपानमधले वैद्य ताकाजी मियाके यांनी मज्जा निकामी झालेल्या रुग्णांचे २,५५० लिटर मूत्र जमवले. त्यातून १९७७ मध्ये सुमारे आठ मिलिग्रॅम शुद्ध एरिथ्रोपोएटिन (हेच त्या पदार्थाचे नाव) हाती लागले. त्याच बळावर पुढे त्याचे जनुक सापडले, आणि १९८९ मध्ये अमेरिकेत त्याचे औषध मंजूर झाले. डायलिसिसवरच्या माणसाला सतत रक्त चढवण्याची गरज त्यामुळे कमी झाली. पांढऱ्या पेशींना वाढवणारे संदेशक मेलबर्नच्या डोनाल्ड मेटकाफने असेच चिकाटीने शोधले. आगरच्या थरावर मज्जेच्या पेशींच्या वसाहती वाढवून मोजणे हे त्याचे आयुष्यभराचे काम होते.

मज्जारोपण माणसांवर अमेरिकेत डोनॉल थॉमसने १९५७ मध्ये प्रथम करून पाहिले. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले. दात्याच्या आणि रुग्णाच्या ऊती जुळवण्याचे शास्त्र कळल्यावर यश येऊ लागले. थॉमसला १९९० मध्ये नोबेल मिळाले. भारतातले पहिले मज्जारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. परळला विल्सने यीस्टचा अर्क देऊन मज्जा चालती केली त्याला तेव्हा बावन्न वर्षे झाली होती, आणि दोन्ही संस्था एकाच परळ भागात आहेत.

फ्लॉरेन्स सेबिनचा जुना प्रश्न मात्र बराच काळ तसाच होता. गर्भात मूलपेशी पहिल्यांदा येते कुठून? २०१० मध्ये झेब्राफिश आणि उंदराच्या गर्भांचे जिवंत चित्रण करणाऱ्या चमूंनी मुख्य धमनीच्या तळाकडच्या अस्तरातली एखादी पेशी वाकून, अस्तरातून निसटून रक्तात उतरताना पाहिली. तीच पेशी पुढे यकृतात आणि नंतर मज्जेत जाऊन आयुष्यभर रक्त पुरवते. सेबिनने त्याच्या नव्वद वर्षे आधी कोंबडीच्या गर्भात वाहिन्यांच्या अस्तराकडे बोट दाखवले होते. या चित्रणात मूलपेशी तिथूनच सुटताना दिसली.